काळी चंद्रकळा आणि पांढरे पाय

शकुन-अपशकुनांची शास्त्रीय कारणं सांगणारे निरोप हल्ली रोज सकाळी माझ्या मोबाइलवर येऊन पडतात. संध्याकाळी केर का काढू नये, तर पूर्वी दिव्याचा उजेड कमी असे आणि एखादा सोन्याचा मणी केरात जायचा. रात्री नखं का कापू नयेत, तर तेच, उजेड कमी. दारावर लिंबू-मिरची का टांगावी, तर किडे येत नाहीत. वाचून वाटतं, आपले पूर्वज काय दिवसभर प्रयोगशाळेत बसून होते की काय.

माझं मत निराळं आहे. अपशकुनाचं मूळ शोधायचं तर पोथीत बघू नये नि विज्ञानातही बघू नये. तो ज्या दिवशी घरात पहिल्यांदा बोलला गेला त्या दिवशी कोणाची काय सोय होती, ते बघावं. प्रत्येक अपशकुनाला मालक असतो. आमच्या सासऱ्यांना कचेरीत जायचं जिवावर आलं की मांजर नेमकं आडवं जायचं. पगाराच्या दिवशी तेच मांजर कुठे तोंड लपवून बसायचं, देव जाणे. सुनेने उंबऱ्यावर बसू नये, म्हणे नरसिंहाची जागा. नरसिंहाचं काही नाही हो, उंबऱ्यावर बसलेल्या सुनेला घरातलं आणि बाहेरचं दोन्हीकडचं ऐकू येतं. तिघांनी मिळून बाहेर पडू नये म्हणतात. सिनेमाला निघताना तो तिसरा माणूस दर वेळी मीच निघायची.

हे मत मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी मी जवळजवळ सगळा संसार पांढऱ्या पायाची म्हणून केला. ही पदवी मला माझ्या थोरल्या जावेने दिली. गेल्या संक्रांतीला मी तिला ती परत घ्यायला लावली, तिच्याच घरात, तिच्याच पाहुण्यांसमोर आणि तिच्याच तोंडाने. सांगताना मला आनंद होतो आहे आणि तो लपवण्याचं आता माझं वय नाही.

मी साताऱ्याची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा घर खासगी बाजाराच्या एका गल्लीत होतं, भाड्याचं. वर आम्ही, समोर एक हिंदी कुटुंब, एवढं जवळ की त्यांच्या खिडकीतला तडका आमच्या खिडकीत यायचा. थोरली जाऊ इथलीच, शहराच्या लष्कर भागात जन्मलेली, हिंदी बायकांच्या मांडीवर वाढलेली. त्यांच्या घरी काय चालतं, काय चालत नाही, सगळं तिला तोंडपाठ. धाकट्या दिराला आपली बहीण द्यायची असं तिने मनात धरलं होतं आणि मध्येच साताऱ्याहून मी उगवले. हे मला लग्नानंतर महिनाभरात कळलं. पण कळण्याचा पुढे उपयोग व्हायला अक्कल लागते. ती माझ्याकडे नव्हती, रूप मात्र होतं, निदान माझ्या मते.

पहिली संक्रांत आली. इथली थंडी अशी की सकाळी तोंडातून धूर निघतो आणि समोरचं घर दहा वाजेपर्यंत दिसत नाही. माहेरहून काळी चंद्रकळा आली होती, सोबत हलव्याचे दागिने. बिंदी, हार, बाजूबंद, नथसुद्धा हलव्याची. मी नेसले, नटले आणि आरशासमोरून हलेना. त्या मुलीला आज भेटले तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. नाकात साखरेचे दाणे लोंबतायत आणि ही स्वतःला राणीसाहेब समजते आहे.

जाऊ आली, मला खालून वर बघितलं. म्हणाली, "समोरच्यांच्या मुलीची आज गोदभराई आहे. जा, तिळगूळ देऊन ये. नवी सून बघायचीय त्यांना."

गोदभराई म्हणजे आपल्याकडचा साखरपुडा म्हणा. धनुर्मासात त्यांच्याकडे शुभकार्य होत नाही, संक्रांत लागली की सुरू.

"साडी बदलून जाऊ का वहिनी?"

"कशाला? आहेस तशी जा. छान दिसतेयस."

लग्न झाल्यापासून तिने माझं केलेलं हे पहिलं कौतुक. माझा पदर वाऱ्यावर. तरंगतच जिना उतरले.

खोलीभर बायका, ढोलक चाललेली. मध्ये पाटावर मुलगी, गुलाबी साडीत, ओटीत नारळ. मी डोक्यापासून पायापर्यंत काळी, सरळ तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." ढोलक थांबली. माझी खात्री झाली की माझं रूप बघून थांबली. एका म्हातारीने पुढे होऊन मुलीच्या चेहऱ्यावर पदर ओढला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. उलट मी ऐसपैस बसले आणि कोणी न देता ताटातला एक लाडू उचलून खाल्ला. वर म्हटलं, "बहुत अच्छा बना है."

आपल्याकडे संक्रांतीला नव्या नवरीने काळं नेसणं म्हणजे कौतुक. त्यांच्याकडे मंगलकार्यात काळं म्हणजे शनी, शोक, सगळं काही. हे मला साताऱ्यात कोणी शिकवलं नव्हतं. जावेला मात्र शिकवायची गरज नव्हती.

थोड्याच दिवसांत ते लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी नारळ परत पाठवला. गल्लीत एकच वाक्य फिरू लागलं, "मराठों की नई बहू काला पहनकर आई थी." आमच्या घरात त्याचं मराठी झालं आणि ते जावेने केलं. सासूबाईंपुढे बसून, कपाळाला हात लावून ती म्हणाली, "मला काय ठाऊक ही तशीच उठून जाईल. पांढऱ्या पायाची दिसते हो ही."

बस्स, एवढंच. एक वाक्य, चहाच्या वेळी. पण असलं वाक्य घरात एकदा बसलं की कुळदैवतासारखं बसतं, त्याला रोज नैवेद्य लागतो. सासऱ्यांचा दात दुखला, माझे पाय. गवळ्याच्या दुधाला पाणी सुटलं, माझे पाय. शुभकार्य निघालं की मला स्वयंपाकघर. "तू आतलं बघ, तुझ्या हाताला चव आहे." पायाला लाज होती म्हणून हाताला चव होती. पुढे माझ्याच मुलाची वरात दारात आली, तेव्हा माझ्या सुनेला ओवाळायला वहिनी पुढे झाल्या. मी आत दूध उतू जातंय का बघत उभी. ते दूध मी बघितलंच नाही. बाहेरची तुतारी ऐकत होते.

आणि सगळ्यात हसण्यासारखं म्हणजे मी त्यावर विश्वास ठेवला होता. एकदा दार लावून, हातात आरसा धरून मी स्वतःचे तळपाय बघितले. तळपायच ते, फिकेच असणार. पण मला वाटलं, अरे, खरंच की. त्यानंतर कितीतरी वर्षं मी तळपायांना मेंदी लावत होते. लोक विचारायचे, तळपायाला का? मी सांगायची, उष्णता निघून जाते. बघा, शास्त्रीय कारण कसं तयार होतं.

मग केव्हातरी, मुलं मोठी झाल्यावर, बांगड्यांच्या दुकानात ती समोरची मुलगी भेटली. दुसरीकडे लग्न होऊन झाशीला सुखात होती, चांगली गुटगुटीत. मी पाय मागे घेऊन उभी राहिले. तीच येऊन बिलगली.

"भाभी, आप अब तक वो बात मन में लिए बैठी हो? अरे, वो लड़का तो पहले से ही कहीं और फँसा था. घरवालों ने ज़बरदस्ती रिश्ता करवाया था. आपकी जेठानी को तो सब पता था, लड़के की भाभी उनके साथ पढ़ी थी ना."

दुकानदार माझ्या हातात बांगडी चढवत होता. मी म्हटलं, जरा घट्ट आहे, मोठ्या मापाची दे.

घरी येऊन मी एक शब्द बोलले नाही. बोलून काय झालं असतं? माझी बाजू मीच मांडतेय म्हणाले असते. माझ्या तोंडून निघालेल्या खऱ्याला त्या घरात भाव नव्हता. ते तिच्या तोंडून निघायला हवं होतं आणि बायकांच्या देखत निघायला हवं होतं, कारण पदवी बायकांच्या देखतच मिळाली होती. तेवढं एक मला हवं होतं, दुसरं काही नको. मी ती गोष्ट बरणीत घातली, वर दादरा बांधला आणि मुरत ठेवली. अधूनमधून हलवायची तेवढी. जावेच्या गुडघ्याला तेल चोळताना, तिच्यासाठी मऊ भात शिजवताना, हलवायची.

तर आता गेल्या वर्षीची गोष्ट.

जावेच्या नातवाने लग्न केलं, मुलगी इथल्याच हिंदी घरातली. गोड पोर आहे, दवाखान्यात काम करते. मला काकी-आजी म्हणायला शिकलीय, पण पुढचं सगळं हिंदीत. पहिली संक्रांत आली. आता आमची घरं वेगळी, जाणं-येणं मात्र रोजचं. जावेने जयेंद्रगंजच्या आपल्या घरी मोठं हळदीकुंकू ठरवलं, सगळं महिला मंडळ बोलावलं, पुण्याहून हलव्याचे दागिने मागवले. आणि मुलीच्या आईने निरोप धाडला की लेक काळं नेसणार नाही. शादी का पहला साल है, काला नहीं. नेसवणार असाल तर सणाला मी तिला माहेरी नेते.

जावेचा फोन आला. एरवी फोनवर ती मला हुकूम सोडते, त्या दिवशी आवाजात तूप होतं.

"तू जरा समजाव ना विहीणबाईंना. तुला ते सगळं माहीत असतं. काळा रंग ऊन धरतो वगैरे."

"मी? माझे पाय कसे वहिनी, तुम्हाला माहीत आहे. शुभकार्यात मी कुठे पुढे येऊ?"

"आता ते काय काढतेस जुनं?"

"बरं, येते. पण फोनवर नाही जमायचं. विहीणबाईंना हळदीकुंकवालाच बोलवा. सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे त्यांनाही मान."

तिला वाटलं, मी मदत करतेय. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा भोळेपणा बघून मला बरं वाटलं. आजवर घरातली भोळी मीच होते.

त्या दुपारी मी स्वतः काळी साडी नेसून गेले. मंडळाच्या बायका एका बाजूला, समोर विहीणबाई आणि त्यांच्या दोन नणंदा, कपाळापर्यंत पदर, चेहरे खटल्याला आल्यासारखे. आतल्या खोलीत नातसून सलवार-कमीजमध्ये बसलेली, शेजारी पलंगावर चंद्रकळेची घडी. दार अर्धं उघडं. जाऊ माझ्याशेजारी सोफ्यावर, हातात गजकाची, म्हणजे इथल्या तिळाच्या चिक्कीची बशी.

मी आधी सभ्यपणाने सुरुवात केली. थंडीत काळा रंग ऊब धरतो. मोठ्या रात्री संपतात, त्या काळोखाला निरोप म्हणून काळं. आणि म्हटलं, काळं जर एवढं वाईट, तर तुमच्याकडे बाळाच्या कपाळाला काळा टीका का लावता? आमच्या मंगळसूत्रातले मणी काळे, तेही नजर लागू नये म्हणूनच. म्हणजे दोन्ही घरची माणसं काळ्यालाच राखणीला बसवतात आणि काळ्यालाच चोर म्हणतात.

विहीणबाई हसल्या, पण हलल्या नाहीत. "चाचीजी, कारण तो सब ठीक हैं. पर कभी किसी ने पहना हो और कुछ हुआ हो, ये बताइए."

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. शिकवून ठेवला असता तरी इतका नेमका आला नसता.

"हुआ है," मी म्हटलं. "इसी घर की बहू के साथ."

गजक उचलणारा जावेचा हात बशीतच थांबला. मी गोष्ट सांगितली. सगळी. चंद्रकळा, नथ, ढोलक, लाडू. लाडवाला मंडळातल्या बायका खदखदून हसल्या. मग परत आलेला नारळ सांगितला आणि कोणी हसेना. शेवटी मी माझे दोन्ही पाय पुढे करून दाखवले. "ये वही बहू है."

विहीणबाईंनी हात जोडले. "तो फिर माफ़ कीजिए. आपने सच बता दिया, बड़ी बात है. अब तो मैं बिलकुल नहीं पहनने दूँगी." आणि आत हाक मारली, "बेटा, बैग ले आ अपना."

आता बघा, जाऊ कशी सापडली होती. काळ्याने लग्न मोडलं म्हणावं तर नातसून चालली बॅग घेऊन, मंडळासमोर नाक कापलं. काळ्याने मोडलं नाही म्हणावं तर मग ते मोडलं कशाने, आणि माझे पाय पांढरे कसे झाले? मी तिच्याकडे बघत बसले. गजकाचा एक तुकडा तिच्याच बशीतून उचलून तोंडात टाकला. कुरकुरीत होता.

"अहो, तसं नव्हतं हो ते," जाऊ म्हणाली.

"मग कसं होतं वहिनी?"

"त्याला बरीच कारणं असतात."

"एखादं सांगा. हिंदीत सांगा, म्हणजे सगळ्यांना कळेल."

मंडळातली एक बाई पुढे सरकून बसली. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"लड़का," जाऊ म्हणाली आणि थांबली. "लड़के का कहीं और था. पहले से."

"आपको कब पता चला?" हे विहीणबाईंनी विचारलं, मी नाही. मी कशाला विचारू, मी भोळी.

"पहले से पता था."

"गोदभराई से भी पहले?"

"हाँ."

"आणि मला काळं नेसलेली तिथे कोणी पाठवलं?" हे मात्र मी विचारलं.

ती माझ्याकडे बघेना. बशीकडे बघून म्हणाली, "मीच."

"त्यांच्याकडे काळं चालत नाही हे माहीत असून?"

"माहीत असून." आणि मग एकदम चिडून, जसं काही मीच तिच्यावर अन्याय केला होता, "झालं आता? लहान होते गं मीपण. राग होता."

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी पर्समधून चष्मा काढून घातला. कानांनी ऐकलेलं डोळ्यांनीही नीट बघून घ्यायचं असावं. विहीणबाई बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होत्या. मग जावेला म्हणाल्या, "और इतने साल आपने इनको ऐसे ही रहने दिया?" आवाज न चढवता म्हणाल्या.

नातसून दारात येऊन उभी होती. "मम्मी, फिर तो कुछ हुआ ही नहीं था काले से. मैं पहन लेती हूँ ना."

विहीणबाईंनी विचार केला, नणंदांकडे बघितलं आणि तोड काढली: साडी काळी, पण ब्लाउज लाल आणि बांगड्याही लाल. मंडळाने ते पास केलं. असं तर असं. आणखी पन्नास वर्षांनी कोणीतरी लिहील की ग्वाल्हेरच्या मराठी घरात संक्रांतीला लाल ब्लाउज शुभ मानतात आणि त्यालाही शास्त्रीय कारण सापडेल.

मुलगी नेसून आली. दागिने कोणी घालायचे, तर घरातल्या मोठ्या सवाष्णीने, म्हणजे वहिनींनी. त्या ताट घेऊन उठल्या. विहीणबाई म्हणाल्या, "नहीं, चाचीजी पहनाएँगी." जावेला ताट माझ्यासमोर धरून उभं राहावं लागलं. तिचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे, मीच तेल चोळते. मी घाई केली नाही. हाराची गाठ सैल बांधली, सोडली, पुन्हा बांधली. बाजूबंद उजव्यात घातला, मग वाटलं डाव्यात बरा दिसेल. बिंदी सरळ आहे का, म्हणून चार बायकांना विचारलं. पोरगी तोंड दाबून हसत होती. तिला सगळं कळत होतं.

माझ्या मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आता तरी सोडून दे. म्हातारी झाली ती." लोकांना असंच वाटतं, की एकदा सत्य बाहेर आलं की मन धुतल्यासारखं होतं. माझं नाही झालं. माझ्या सुनेला मी ओवाळलं नाही, ते नाहीच ओवाळलं. ती वरात काही परत येत नाही. जाऊ 'लहान होते' म्हणाली. लहान तर मीही होते आणि मी तर तिच्यापेक्षा मूर्खही होते, त्याची शिक्षा मी भरली. तिची बाकी आहे.

पाहुण्या गेल्यावर ती सोफ्यावर बसून राहिली. मी बशा गोळा केल्या, सवयीने.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं आहेत. आज अर्ध्याच बायका आल्या होत्या. उद्या खासगी बाजारात एक आहे, परवा मुरारला. मी रिक्षा सांगितलीय, तुम्हाला घेऊन जाईन. कोणी विचारलं, काळ्याने काही होतं का हो, तर तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून बरं वाटतं ऐकायला."

दुसऱ्या दिवशी चारला रिक्षा आली, तेव्हा ती शाल घेऊन दारात तयार होती.